जांभया मोजणारा माणूस आणि यादव सर

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत पहिल्या मजल्यावर यादव सरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, आणि त्या गल्लीत त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस शोधून सापडला नसता. वाईट बोलणारेही आवाज खाली ठेवूनच बोलत, कारण निम्म्या गल्लीची पोरं सरांच्या हाताखालून जाऊन कारकून झाली होती. कोर्टात, तहसीलमध्ये, जिथे म्हणून खटखट ऐकू येई तिथे त्यांचा एखादा विद्यार्थी बसलेला असे. सर आत शिरले की तो उभा राही. प्रेमाबिमाने नाही, पट्टीची आठवण होऊन.

यादव चिंधा सुरवाडे हे त्यांचं पूर्ण नाव. बाप चिंधा सोनगीरला दुसऱ्याच्या शेतावर सालदार होता. खुर्चीत बसून पोट भरणारा घरातला पहिला माणूस म्हणजे यादव. ही खुर्ची कोणीतरी खालून ओढून नेणार, हा संशय त्यांच्या मनातून कधी गेला नाही. म्हणून ते सगळ्या जगाशी वाकड्यात असत. दूधवाला पाणी घालतो, पेपरवाला मुद्दाम उशिरा येतो, शेजारी हसतो तो आपल्यालाच हसतो, असं सगळं त्यांना आधीच ठाऊक असे.

शिकवण्याची त्यांची पद्धत मात्र पक्की होती. चपला दाराबाहेर काढायच्या आणि डोकंही तिथेच ठेवायचं, असं ते नव्या पोराला पहिल्याच दिवशी बजावत. डोळे मजकुरावर, बोटं बटणांवर. बटणांकडे बघायचं नाही आणि मजकुराचा अर्थ लावायचा नाही. अर्थात शिरलात की बोट घसरलंच म्हणून समजा. पोरं बिचारी इंग्रजीची पानंच्या पानं बडवत आणि त्यात कोण मेलं, कोणाची बदली झाली, याचा त्यांना पत्ता नसे.

सर स्वतः या पद्धतीचे सगळ्यात कट्टर विद्यार्थी. इंग्रजी असो की मराठी, त्यांच्या पानात खाडाखोड सापडायची नाही, आणि त्या पानात काय होतं ते विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही. शेजारच्या एका माणसाच्या बडतर्फीची नोटीस त्यांनी स्वतःच्या हाताने टाइप केली होती, आणि संध्याकाळी त्याच माणसाला जिन्यात अडवून विचारलं होतं, उद्या ड्युटी कितीची. तो माणूस पुन्हा कधी त्यांच्याशी बोलला नाही. त्याला काय झालं हे सरांना बायकोने समजावून सांगावं लागलं.

नव्व्याण्णव साली सरांच्या बरोबर खाली, तळमजल्यावरच्या गाळ्यात, वाल्मीकने सायबर कॅफे काढला. दुसरा कोणी असता तरी सरांनी दात खाल्लेच असते, पण वाल्मीक सपकाळे म्हणजे त्यांचा सगळ्यात नालायक विद्यार्थी. बटणांकडे बघूनच टाइप करायचा, तेही दोन बोटांनी. टायपिंगच्या परीक्षेत तीनदा आपटला होता. सरांनी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं होतं की तुझ्या बापाची हमाली आहे, ती धर. आता तोच वाल्मीक खाली पंखा लावून बसला होता आणि सरांची पोरं जिन्यापर्यंत येऊन वर चढायच्या ऐवजी त्याच्या दारात वळत होती.

सरांनी वैर धरलं. जिन्याखालच्या मेन स्विचचा फ्यूज अधूनमधून गायब व्हायला लागला. वाल्मीकच्या पाटीवर सकाळी चिखल दिसायला लागला. पाटीचं सरांनी केलं की नाही हे मला ठाऊक नाही, फ्यूजचं त्यांनीच केलं. एवढ्याने भागेना, तेव्हा ते घरमालकाकडे गेले. घरमालक नथ्थूशेठ म्हणजे कापडाचे व्यापारी, गल्लीतल्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष. खाली पोरं घाणेरडी चित्रं बघतात, असं सरांनी त्यांच्या कानावर घातलं. तेही अगदी खोटं नव्हतं, वाल्मीकने प्लायवूडचे आडोसे केले होते आणि आडोशामागे पोरं देवाचे फोटो बघत नव्हती. पण बहुतेक जण निकाल बघायला आणि परदेशातल्या भावाला पत्र लिहायला येत, हेही तितकंच खरं होतं. ते सरांनी सांगितलं नाही.

नथ्थूशेठ म्हणाले, अर्ज करा, पण पुराव्यानिशी करा. तिथे नेमकं काय दिसतं ते तुम्ही डोळ्यांनी बघा.

वाल्मीकच्या दारात पाऊल टाकायचं तर सरांचं नाक कापलं गेलं असतं. म्हणून त्यांनी घरी परीक्षेचं काम असल्याचं सांगितलं आणि पारोळा-एरंडोलमार्गे जाणारी एस.टी. धरून जळगाव गाठलं. स्टेशनसमोरच्या कॉम्प्लेक्समध्ये बेबाबाई नावाची एक विधवा बाई एस.टी.डी. बूथ चालवायची. बूथमागच्या खोलीत तिने दोन कॉम्प्युटर टाकले होते. काउंटरवर बसून ती तांदूळ निवडायची, आणि आत कोण काय बघतो याकडे तिचं लक्ष असायचं. तिथे आडोसा नव्हता. सरांनी तिला दरडावून विचारलं की इथे लोक काय बघतात. बाईने तांदळातून मान वर न करता सांगितलं की आत्ताच एक प्रोफेसर उठून गेले, त्यांचं पान उघडंच आहे, तेच बघा.

सर बसले. समोर इंग्रजी मजकूर होता. सवयीने त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली, एकेक अक्षर घेत. पण इथे टायपरायटरचा रूळ नव्हता, कागद नव्हता, कोणी घड्याळ लावून उभं नव्हतं. बोटं थोड्या वेळाने थांबली, डोळे तिथेच राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा यादव सरांच्या डोक्यात एक इंग्रजी वाक्य अर्थासकट शिरलं.

आज त्या प्रकाराला ब्लॉग म्हणतात. तेव्हा आपल्याकडे त्याला काही नाव नव्हतं. कुठल्याशा थंड देशातला एक रिकामटेकडा माणूस, कोणीही न विचारलेल्या प्रश्नांवर दर आठवड्याला लिहायचा. त्या दिवशीचा प्रश्न जांभईचा होता. जांभई लागते म्हणतात, तर ती किती लांब लागते? हा गृहस्थ रोज बसमध्ये सगळ्यात मागे बसून लटकी जांभई द्यायचा आणि ती बाकांवरून पुढे पुढे कशी सरकते ते टिपायचा. शाल पांघरलेल्या म्हातारीपाशी ती अडायची. प्रेमात पडलेल्या जोडप्याला ती लागायचीच नाही. त्याने बसचा नकाशा काढून त्यात जांभईचा रस्ता रंगवला होता.

सर हसले. हसू आलं म्हणून ते दचकले, बेबाबाईकडे रागाने बघितलं, आणि पुढचं पान उघडायला सांगितलं.

पुढे केळ्यांचं होतं. एकटं ठेवलेलं केळं आधी काळं पडतं की घोळक्यातलं, यासाठी त्या माणसाने घरभर केळी टांगली होती आणि बायको माहेरी निघून गेली होती. सरांना वाटलं, केळी इकडे ट्रकांनी भरून जातात आणि अक्कल लढवतो हा तिकडे. मग मांजराचं होतं. मांजर वर्तमानपत्राच्या नेमक्या कोणत्या पानावर बसतं? उत्तर असं निघालं होतं की आपण वाचत असू त्या. सरांनी घाणेरडी चित्रं बघितलीच नाहीत. परतीच्या गाडीत त्यांच्या लक्षात आलं की पुरावा राहिला.

पुरावा राहिला म्हणून ते पुन्हा गेले. मग पुन्हा. जाताना खिशात छोटी डिक्शनरी असे. पानाचा पत्ता बेबाबाईने चिठ्ठीवर उतरवून पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवला होता. सर चिठ्ठीकडे बघत तो एका दमात टाइप करत. त्यातली एक नागमोडी रेघ टायपरायटरवर नसते, तेवढी तिने दाखवून दिली होती. त्या माणसाचं नाव काय, पानाचं नाव काय, हे त्यांनी कधी वाचलंच नाही. ते बोटांचं काम होतं.

घरी भिकुबाईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, नजरेतून काही सुटलं नव्हतं. नवरा भाजीला नावं ठेवेनासा झाला होता. पाहुणे उठताना 'येतो मग' असं किती वेळा म्हणतात आणि खरोखर किती वेळाने जातात, ते तो मान वाकडी करून ऐकत बसायचा आणि एकटाच हसायचा. एक दिवस तिने वाढता वाढता सांगून टाकलं.

"जळगावथून उनात का तुम्ही चार दिन बरा ऱ्हातस. तठे काय शे ते माले सांगू नका, पन जात ऱ्हा."

सर तिच्यावर खेकसले. पण तिने मनातलं ओळखलं याचा त्यांना राग आला नव्हता, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

आता कोणीही म्हणेल की इतकं झाल्यावर माणसाने वाल्मीकचा पिच्छा सोडला असता. सोडायचं नाव नाही. वैर ही सरांच्या घरची एकमेव जुनी वस्तू होती, ती ते टाकणार नव्हते. जळगावचं पान वेगळं आणि वाल्मीकचा गाळा वेगळा, असे दोन कप्पे त्यांनी डोक्यात केले, आणि एकाचा वास दुसऱ्याला लागू दिला नाही.

व्यापारी मंडळाची बैठक नथ्थूशेठच्या दुकानात गाद्यांवर भरली. संस्कृती, तरुण पिढी, आयाबहिणी, सगळं बोलून झालं. बोलणाऱ्यांपैकी एकानेही कॉम्प्युटर जवळून बघितलेला नव्हता. सर मागे भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांना राहवलं नाही. त्यांनी तोंडासमोर हात न धरता एक लटकी जांभई दिली. भांड्याच्या दुकानदाराने लगेच दिली. मग किराणावाल्याने. ती गादीवरून सरकत सरकत पुढे गेली आणि तरुण पिढीच्या ऱ्हासावर बोलत असलेल्या नथ्थूशेठचा जबडा मध्येच उघडला. सरांना हसू फुटलं, ते त्यांनी ठसका लागल्याचं सोंग करून दाबलं. कोणीतरी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांना अर्ज लिहायला सांगण्यात आलं, आणि त्यांनी तो एका जुन्या तक्रार-अर्जाचा नमुना समोर ठेवून लिहिला.

अर्ज फक्कड झाला. त्यात एक वाक्य होतं, की सदर ठिकाणी सभ्य माणसाने पाहावे असे काहीही दाखवले जात नाही. जांभईचा रस्ता डोळ्यांसमोर ताजा असताना या माणसाने हे वाक्य टाइप केलं, आणि एकही बोट घसरलं नाही. याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. मी तर नीचपणाच म्हणतो.

वाल्मीकला गाळा सोडावा लागला. सामान हातगाडीवर घालून तो देवपूरला आपल्या घरी घेऊन गेला. सर वरच्या खिडकीत उभे होते. त्याने वर बघितलं आणि गाडी ढकलली. पोरं काही परत वर आली नाहीत, पण पेपरात दोन ओळी आल्या, 'पालकांच्या लढ्याला यश', आणि सरांना भेटायला लोक यायला लागले.

त्याच आठवड्यात जळगावला सरांनी एक धाडस केलं. पानाच्या खाली वाचकांनी लिहावं म्हणून जागा होती. नथ्थूशेठच्या दुकानातला प्रयोग त्या माणसाला कळवावा, असं सरांच्या मनात आलं. त्यांनी बोटं बटणांवर ठेवली. बोटं हलेनात. मजकूर कुठे होता? एवढ्या वर्षांत समोर दुसऱ्याचं पान नसताना त्यांनी कधी टाइपच केलं नव्हतं. धुळ्यातला सगळ्यात वेगवान माणूस तिथे घाम पुसत बसला आणि बेबाबाईचे तांदूळ निवडून झाले. शेवटी त्यांनी चार वाक्यं जुळवली. आपण धुळ्याचे, जांभई आपल्याकडेही चालते, भाषण करणाऱ्यालाही ती लागते, आणि तुमची केळी चुकीच्या जातीची आहेत. खाली स्वतःचं नाव घातलं. पुढल्या आठवड्यात तो उत्तर देईल, कदाचित छापेलही, असं बेबाबाई म्हणाली. सरांना त्या रात्री झोप लागली नाही. सुखाची झोपमोड म्हणजे काय हे त्यांना तेव्हा कळलं.

मधल्या दिवसांत गर्दी सुरूच होती. पेपर वाचून पाचोऱ्याहून माणसं आली, चाळीसगावहून आली. आमच्या गावातही ही कीड आहे, तुमच्या अर्जाची एक प्रत द्या. सर फुशारून जात. प्रत काय, ते नवाच अर्ज करून देत, गावाचं आणि जागेचं नाव बदलून. माणूस चिठ्ठीवर नाव-पत्ता देई, सर ती मशीनशेजारी ठेवत, डोळे चिठ्ठीवर, बोटं बटणांवर. चहा येण्याआधी अर्ज तयार असे. सह्या करणारे थक्क होत.

आठवडा भरला. सर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जळगावला उतरले. बेबाबाईच्या बूथचं शटर अर्धं खाली होतं. आत कॉम्प्युटर नव्हते, टेबलावर त्यांचे चौकोनी धुळीचे डाग होते. बाई पायरीवर बसून तारा गुंडाळत होती. सरांनी विचारलं, काय झालं. तिने ते सरांना सांगितलं नाही, रस्त्यालाच सांगितलं. कॉम्प्लेक्सवाल्यांनी अर्ज दिला. मालकाने सामान काढायला लावलं. फोनसुद्धा काढून घ्या म्हणाला. एकट्या बाईच्या दुकानात कोण कोण येतं, असं चारचौघांत विचारलं.

"कोनी धुयाना मास्तर शे म्हने. त्यानी अर्ज टाइप करी दिधा. त्याना हात झडी जावोत."

धुळ्याचे मास्तर तिच्यासमोरच उभे होते, आणि त्यांना अजून कळलं नव्हतं. मग त्यांची बोटं शर्टाच्या शिवणीवर आपोआप चालली. जळगाव. स्टेशनसमोरील. बेबाबाई. त्यांना ते सगळं आठवलं, अर्थाने नाही, बोटांनी. मंगळवारी, चहाच्या आधी, चिठ्ठीवरून. पडद्यावरची पत्त्याची चिठ्ठी मागावी असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं, आणि वळून स्टँडकडे चालायला लागले.

धुळ्याला उतरल्यावर ते घरी गेले नाहीत, तडक देवपूरला गेले. तो जांभयांवाला माणूस काय म्हणाला एवढंच त्यांना हवं होतं. आपण पहिल्यांदा काहीतरी आपलं लिहिलं होतं, त्याला उत्तर आलं का? बाकी सगळ्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी त्या दिवशी त्यांनी त्या खाली मान घालून ऐकल्या असत्या.

वाल्मीकने दार उघडलं. मागे खोलीत कॉम्प्युटर चालू होता, फोनची तार खिडकीतून आत आली होती. त्याने सरांना आत या म्हटलं नाही. सरांनी दारातूनच सगळं सांगून टाकलं. एक माणूस आहे, तो जांभयांवर लिहितो, केळ्यांवर लिहितो, मांजरांवर लिहितो. मी त्याला लिहिलंय. त्याचं उत्तर बघू दे. आयुष्यात ते कोणापुढे इतकं खरं बोलले नव्हते.

वाल्मीकने शांतपणे ऐकून घेतलं.

"जांभयांवर," तो म्हणाला. "सर, पुरावा गोळा करायला स्वतः आलात? कोणाला तरी पाठवायचं."

पुरावा नाही, खरंच आहे, असं सर म्हणाले. मग पत्ता सांगा, वाल्मीक म्हणाला, मी टाकतो, दिसलं तर दिसलं.

सरांनी तोंड उघडलं. पत्ता त्यांना येत नव्हता. पहिलं अक्षरसुद्धा येत नव्हतं. त्यांनी दाराच्या चौकटीवर बोटं ठेवली आणि ती चालली, न अडखळता, नागमोडी रेघेसकट शेवटपर्यंत. पण कोणतं बोट कुठल्या अक्षराचं होतं हे सांगायला ते थांबले की सगळं विस्कटायचं. त्यांनी दोनदा केलं, तीनदा केलं. वाल्मीक त्यांच्या हातांकडे बघत होता.

"मला मशीनसमोर बसव," सर म्हणाले. "माझ्या बोटांना माहीत आहे."

"तुमच्या बोटांना काय काय माहीत असतं ते बघितलंय मी," वाल्मीक म्हणाला. "या आता."

त्याने दार लावलं, जोरात नाही. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. सर पांझरा नदीच्या पुलावरून चालत घरी गेले. भिकुबाईने विचारलं, पुढल्या आठवड्यात जळगाव कधी? सर म्हणाले, तिथलं काम संपलं.